वाळवंटातला निवांत मुक्काम: कोल्हापुरातून थरला जाताना काय बघायचं, काय विचारायचं

पहिल्या खेपेला आम्ही 'एकांत' या शब्दाला भुललो. जाहिरातीत वाळूच्या टेकडीवर एकच पांढरा तंबू होता, बाहेर दोन खुर्च्या आणि कंदील. प्रत्यक्षात तंबूंच्या तीन रांगा, कुंपणापलीकडे दुसऱ्या कॅम्पच्या तीन रांगा आणि रात्री साडेनऊला चारही बाजूंनी डीजे. मामांनी (सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो, सासूबाईंना आत्या) रजईतून डोकं बाहेर काढलं. "एवढ्यासाठी आणलंस होय गं इतक्या लांब? महाद्वार रोडला मिरवणूक बघितली असती की!"

दोन वर्षांनी परत गेलो ते नकाशा धुंडाळून, फोनवर प्रश्न विचारून. त्या वेळी रात्री दहाला मामा तंबूबाहेर खुर्ची टाकून बसले आणि अर्धा तास बोललेच नाहीत. आमच्या घरात हे नवलच. या दोन खेपांच्या मधे जे कळलं ते इथे लिहिते. महागड्या वाळवंटी मुक्कामात आपण पैसे मोजतो ते गादीचे आणि नळांचे नाहीत. मोजतो ते दुसऱ्या माणसापासूनच्या अंतराचे. मग ते अंतर आधी तपासून घ्यायला नको?

आधी नकाशा, मग फोटो

जैसलमेर शहरापासून पश्चिमेला साधारण 40 किलोमीटरवर सम नावाचं गाव आहे. तिथल्या वाळूच्या टेकड्या सगळ्यात प्रसिद्ध, त्यामुळे सगळ्यात जास्त कॅम्पही तिथेच. नैऋत्येला खुडी आहे, तिथेही टेकड्या आहेत आणि गर्दी त्या मानाने कमी. तिसरा प्रकार म्हणजे टेकड्यांपासून मुद्दाम लांब, झुडपी माळावर बांधलेली मोठी ठिकाणं. समच्या रस्त्यावरचं किल्ल्यासारखं दगडी 'सूर्यगढ' किंवा चांदण गावाकडचं तंबूंचं 'द सेराई' ही त्यातली नावाजलेली.

इथे एक गोष्ट आधीच समजून घ्या, नाहीतर पोचल्यावर तोंड पडेल. थर म्हणजे सगळीकडे वाळूच्या लाटा नव्हेत. बराचसा भाग खडकाळ, खुरट्या झुडपांचा आहे. आपल्याकडच्या आटपाडी-जतच्या माळाचा थोरला भाऊ म्हणा. खरा एकांत बहुतेकदा या माळावर मिळतो आणि टेकड्यांवर जीपने नेतात. खोलीच्या दारातून थेट वाळूत पाय ठेवायचा असेल तर शेजार सोसावा लागण्याची शक्यता जास्त. दोन्ही हवं असेल तर ठिकाणं फार थोडी आणि त्यांचा भाव तसा.

बुकिंगच्या आधी मोबाइलवर नकाशा उघडा, उपग्रहाचं चित्र लावा आणि ठिकाणाच्या खुणेवर झूम करा. समच्या रस्त्याकडेला पांढऱ्या ठिपक्यांच्या शिस्तीत रांगा दिसतात. ते तंबू. तुमच्या खुणेपासून सगळ्यात जवळची दुसरी रांग किती लांब आहे ते नकाशातल्याच मोजपट्टीने मोजा. उघड्या माळावर रात्रीचा आवाज फार लांब जातो, अडवायला ना झाड ना भिंत. दोन किलोमीटरच्या आत शेजारी कॅम्प असेल तर मी तरी 'निवांत' या शब्दावर विश्वास ठेवत नाही. फोटो बघायचेच तर पाहुण्यांनी टाकलेले बघा, तेही गेल्या हंगामातले. चार वर्षांपूर्वी एकटा असलेला कॅम्प आज गावठाणात सापडू शकतो.

फोनवर काय विचारायचं

ऑनलाइन बुकिंगचं बटण दाबण्याआधी थेट रिसॉर्टला फोन लावा. हिंदीत बोला, मोकळेपणी विचारा, लाजू नका. पहिला प्रश्न: "रात को लाउडस्पीकर बजता है क्या, और कितने बजे तक?" समोरचा "जी, कल्चरल प्रोग्राम होता है" म्हणाला तर पुढचा प्रश्न, माइक लावून की माइकशिवाय. आमच्या पहिल्या खेपेचं सगळं उत्तर या एका प्रश्नात मिळालं असतं.

मग एकूण तंबू किती ते विचारा. वीस-पंचवीसच्या आत असतील तर बरं. लग्नं घेता का, आमच्या तारखांना एखादं आहे का, हेही विचारा. जैसलमेरकडे हिवाळ्यात बाहेरगावची लग्नं होतात, आणि पूर्ण रिसॉर्ट वऱ्हाडाचं असताना तुम्ही दोघंच पाहुणे म्हणून अडकलात तर ती शिक्षाच. जनरेटर कुठे ठेवलाय, गरम पाणी कोणत्या वेळेत, रात्री खोलीत हीटर चालतो का, शेवटचे दोन-तीन किलोमीटर साध्या गाडीने येता येतं की तुमची जीप न्यायला येते, हे विचारून वहीत लिहून ठेवा.

जेवणाची भानगड वेगळी. हॉटेलवाले 'सीपी' म्हणतात तेव्हा फक्त नाश्ता, 'एमएपी' म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, 'एपी' म्हणजे तिन्ही वेळचं. शहरात सीपी घेऊन बाहेर जेवणं शहाणपणाचं. पण इथे बाहेर म्हणजे बाभूळ आणि शेळ्या. कोपऱ्यावर मिसळ नाही, की गाडीवरची भजी नाहीत. एपी घ्या किंवा निदान एमएपी, नाहीतर प्रत्येक चहाचं वेगळं बिल होतं.

भाव विचारताना "टॅक्स पकडके?" हे दोन शब्द विसरू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून एका रात्रीचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के जीएसटी लागतो, त्याच्या वर गेलं की 18 टक्के. म्हणजे 20,000 च्या खोलीवर 3,600 वर चढले, दोन रात्रींचे 7,200. नाताळ आणि 31 डिसेंबरला बऱ्याच ठिकाणी खास जेवणाचे पैसे सक्तीने घेतात, ते भाड्यात दिसत नाहीत. त्या आठवड्यात न जाणं उत्तम.

शेवटी रद्द करण्याची अट. हा सीमेवरचा जिल्हा आहे. 2025 च्या मे महिन्यात उत्तर आणि पश्चिम भारतातले 32 विमानतळ काही दिवस बंद ठेवले होते, त्यात जैसलमेर आणि जोधपूर दोन्ही होते. पैसे परत मिळणारं बुकिंग थोडं महाग पडलं तरी तेच करा.

कधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात दुपार तापते, मार्चअखेरपासून उकळायला लागते, मे-जूनमध्ये पारा 45 च्या आसपास जातो आणि बरेच कॅम्प तंबू उतरवून ठेवतात. डिसेंबर-जानेवारीत दिवसा 23-25 अंश, पहाटे 6-8, कधी त्याहून खाली.

आमची अडचण वेगळीच होती. थरचा हंगाम आणि आमच्या कागलच्या उसाचा गळीत हंगाम एकच. तोड कधी मिळेल ते चिटबॉयलाही (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस) सांगता येत नाही. टोळी फडात शिरली आणि मालक उंटावर, असं कसं चालेल? म्हणून दुसऱ्या खेपेला फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धरला. ऊस गेलेला, रात्रीची थंडी आत्यांच्या गुडघ्यांना सोसेल इतकी, आणि नव्या वर्षाची गर्दी ओसरलेली. मला तरी हाच काळ सगळ्यात आवडला. माघी पौर्णिमेला जोडून जैसलमेरचा डेझर्ट फेस्टिव्हल असतो. तो बघायचा असेल तर ठीक, निवांतपणा हवा असेल तर ते तीन दिवस टाळा.

तारीख ठरवताना कालनिर्णय उघडा. तारे बघायचे तर अमावस्येच्या आसपासचे चार दिवस. चांदण्यात वाळू बघायची तर पौर्णिमेच्या आधीचे दोन. अधलंमधलं धरलं तर दोन्हीतलं थोडं थोडं मिळतं, धड एकही नाही.

मुक्काम किमान दोन रात्रींचा. एका रात्रीत दुपारी दोनला खोली मिळते, सामान टाकून टेकडीकडे पळायचं, जेवायचं, झोपायचं, सकाळी अकराला बाहेर. एवढे पैसे देऊन धावपळच करायची तर जोतिबाला जाऊन यावं.

पोचायचं कसं

रस्त्याने कोल्हापूर-जैसलमेर 1,400 किलोमीटरच्या पुढे भरतं. स्वतःच्या गाडीने जाणारे वीर आहेत, आम्ही त्यातले नाही. सोपा मार्ग म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरून सकाळी मुंबई, किंवा उजळाईवाडीहून विमानाने मुंबई, आणि पुढे विमानाने जोधपूर. जैसलमेरलाही विमानतळ आहे, पण तिथली विमानं हंगामानुसार कमीजास्त होतात. जोधपूर जास्त भरवशाचं. तिथून जैसलमेर 280 किलोमीटरच्या आसपास, रस्ता चांगला, पाच तास धरा. रेल्वेनेच जायचं तर वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्सप्रेस जोधपूरला सोडते.

गाडी आणि विमान यांची तिकिटं वेगवेगळी असतील तर मधे निदान पाच तास ठेवा. महालक्ष्मी उशिरा आली म्हणून विमान कंपनी पैसे परत देत नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी जोधपूर-जैसलमेर, किल्ला, हवेल्या, गडीसर तलाव, बाजार. सगळं फिरून पाय दुखायला लागले की शेवटच्या दोन रात्री वाळवंटात. उलटं केलं तर वाळवंटात बसून "उद्या किल्ला राहिलाय" हेच डोक्यात घोळतं.

बॅगेत काय

आपल्या घरातला स्वेटर म्हणजे पंचगंगेच्या थंडीचा स्वेटर. तो तिथे पहाटे पुरत नाही. आतून थर्मल, वरून जाड जॅकेट, कानटोपी, लोकरी मोजे. दुपारी मात्र सुती शर्ट. तोंडाला गुंडाळायला मोठं उपरणं किंवा ओढणी हवीच, वारा सुटला की वाळू दातात करकरते. हवा इतकी कोरडी की दुसऱ्या दिवशी ओठ फुटतात, नाकात खपल्या धरतात. व्हॅसलिनची डबी खिशात ठेवा. मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात वाळू जाते, झिप असलेली प्लास्टिकची पिशवी न्या. ड्रोन घरी ठेवा. सीमा आणि हवाई दलाचा तळ जवळ असताना ती हौस अंगाशी येईल.

कोल्हापुरी चपलेबद्दल सगळे विचारतात, म्हणून सविस्तर. नवऱ्याने हौसेने नेली. दहा पावलांत अंगठ्याच्या पट्ट्याखाली वाळू भरली. प्रत्येक पावलागणिक ती चामड्यावर घासत गेली आणि वीस मिनिटांत अंगठ्यामागे रुपयाएवढा फोड. चढताना टाच मागे सरकते, चप्पल वाळूत रुतून मागे राहते, पाय पुढे. संध्याकाळी मोजे-बूट किंवा सरळ अनवाणी. अंधार पडला की मात्र अनवाणी अजिबात नाही. फुरसं आपल्या कोकणातच असतं असं नाही, थरमध्येही आहे. थंडीत ते फारसं बाहेर पडत नाही, तरी टॉर्च घ्या आणि सकाळी बूट झटकून मगच पाय घाला.

तिथे गेल्यावर

दुपारी पोचलात तर जेवून झोपा. खरंच. साडेचारपर्यंत बाहेर बघण्यासारखं काही नसतं, उन्हात वाळू सपाट आणि पांढरट दिसते. उन्हं कलली की प्रत्येक लाटेला सावली फुटते आणि तेव्हा टेकडी टेकडीसारखी दिसू लागते.

चढायचं कसं यालाही रीत आहे. टेकडीची एक बाजू उताराची आणि घट्ट असते, वारा जिकडून येतो ती. दुसरी बाजू उभी आणि भुसभुशीत. घट्ट बाजूने, बारीक लाटा दिसतात तिथून चढा आणि माथ्याच्या धारेवरून चाला. आत्या साठी ओलांडलेल्या, तरी अशा चढल्या. शेजारचा तरणा पोरगा उभ्या बाजूने चढायला गेला आणि दोन पावलं वर, दीड पाऊल खाली करत बसला.

उंटाचं. बसलेला उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे आपण पुढे कोसळायला होतो. म्हणून खोगिराचा पुढचा दांडा घट्ट धरायचा आणि मागे रेलायचं. खाली बसताना तो पुढचे गुडघे आधी मोडतो, म्हणजे परत पुढेच झोक. तेव्हाही मागे रेला. हे मी मामांना दोनदा समजावलं, त्यांनी "म्हशीवर बसून मोठा झालोय मी" म्हणून ऐकलं नाही आणि उंटाच्या मानेला मिठी मारली. कंबरदुखी, मणक्याचा त्रास असेल तर उंट सोडा, उंटगाडी मागा. गादी घातलेली असते आणि वाळूतून छान डुलत जाते. बसण्याआधी उंटाच्या नाकाकडे आणि पाठीकडे एक नजर टाका. जखम दिसली तर दुसरा मागा.

सूर्य मावळला की सगळे उठून चहाकडे पळतात. तुम्ही अर्धा तास बसा. आकाशाचा रंग त्यानंतर बदलतो आणि टेकडी मोकळी होते.

रात्रीचं गाणं. मांगणियार आणि लंगा या पिढीजात गवयांच्या जाती. मांगणियारांच्या हातात कमायचा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य), लंगांच्या हातात सिंधी सारंगी, लाकडी पट्ट्यांचे खडताल आणि तोंडाशी धरून वाजवायचं मोरचंग साथीला. मुसलमान घराणी, पण मांगणियार पिढ्यानपिढ्या राजपूत यजमानांच्या घरी जन्मापासून लग्नापर्यंत गाणारे. शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँना दरबारात ठेवलं त्या गावच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. ते खाँसाहेबही मूळचे राजस्थानचेच. तेव्हा आपल्या देवल क्लबातल्या मैफलीत बसतो तसं पुढे सरकून बसा, सिनेमाच्या फर्माइशी करू नका, "अपनी पसंद का सुनाइए" म्हणा. आमच्या वेळी म्हाताऱ्या गायकाने डोळे मिटले, कमायच्यावर गज टेकवला आणि जे सुरू केलं ते पाऊण तास. बक्षीस रोख आणि त्यांच्याच हातात द्या. रिसेप्शनवरची पेटी नोकरवर्गासाठी असते, गवयांपर्यंत त्यातलं पोचेलच असं नाही. पाचशेच्या सुट्या नोटा जैसलमेरातच काढून ठेवा.

मग आकाश. अंगणातले दिवे बंद करायला सांगा, चांगल्या ठिकाणी नाही म्हणत नाहीत. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ मोबाइल बघायचा नाही. फेब्रुवारीत डोक्यावर मृग, त्याच्यामागे लखलखता व्याध. उत्तरेला ध्रुव शोधा: कोल्हापूरच्या मानाने तो दहा अंश वर दिसतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा. दक्षिणेचा अगस्त्य उलट खाली गेलेला असतो, क्षितिजाला टेकल्यासारखा. आपण किती उत्तरेला आलो ते रेल्वेच्या तिकिटापेक्षा इथे जास्त कळतं.

सूर्योदयासाठी गजर लावताना घाई नको. आपण पश्चिमेला आलेलो असतो. डिसेंबरअखेर तिथे सूर्य साडेसातला उगवतो, कोल्हापूरपेक्षा अर्धा तास उशिरा. सकाळी वाळू बर्फासारखी गार असते आणि रात्रभरात काय काय हिंडलं त्याचा हिशेब तिच्यावर लिहिलेला असतो. एका भुंग्याच्या पायांची, झिपसारखी दुहेरी शिवण आम्ही वीस-पंचवीस फूट मागोवा घेत गेलो. शेवटी एक बारीक भोक, आणि भोकाच्या तोंडाशी ओलसर वाळूचा चिमूटभर ढीग.

दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी ठेवा. काही करायचंच असेल तर कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांचं एकोणिसाव्या शतकात ओस पडलेलं गाव, भिंती उभ्या, छपरं नाहीत. पक्ष्यांचं वेड असेल तर डेझर्ट नॅशनल पार्कची चौकशी करा. सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तो माळढोक आता मुख्यतः इथेच उरलाय. दिसेलच असं नाही. आम्हाला चिंकारा दिसले आणि खूप विजेच्या तारा, ज्यांना धडकून हे पक्षी मरतात.

तब्येत आणि पाणी

मोठा दवाखाना जैसलमेर शहरात, म्हणजे रात्री तासाभराच्या अंतरावर. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या ठेवा, दम्याचा पंप उशाशी. म्हाताऱ्या माणसांसाठी तंबूऐवजी दगडी खोली मागा. तंबू कितीही राजेशाही असला तरी पहाटे कापडाला थंडी अडत नाही, आणि रात्री बाथरूमला जाताना पडद्यांच्या चेनींशी झटापट होते. तहान लागत नाही म्हणून पाणी राहून जातं, तेव्हा घोट घोट पीत राहा.

आणि आंघोळ बादलीत. जैसलमेरला वर्षाकाठी 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्या गगनबावड्याला जुलैतल्या चांगल्या दोन दिवसांत तेवढा पडतो.

जेवणाचं, आणि घरी काय आणायचं

लाल मांस (मटणाचा लाल रस्सा) मागवा. त्यातली मथानियाची मिरची रंगाला गडद. तांबड्या रश्शावर वाढलेल्या जिभेला काही होत नाही. बाजरीचा सोगरा म्हणजे भाकरी, वर तुपाचा गोळा. पण खरी चीज केर-सांगरी. केर म्हणजे एका काटेरी झुडपाची बारकी फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या वाळवलेल्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी, जिची दसरा चौकात पूजा होते. हे कळल्यावर आत्यांनी दोनदा वाढून घेतली.

परतताना जैसलमेरच्या बाजारातून सुकी केर आणि सांगरी वेगवेगळी घ्या, मिसळलेलं पाकीट नको. सांगरी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. केर ताकात भिजवा, ताक एकदा बदला, नाहीतर कडू लागते. सकाळी दोन्ही धुऊन मऊ शिजवा, पाणी काढून टाका. तेलात जिरं, सुकी मिरची, धणेपूड, हळद, शेवटी आमचूर. आत्यांनी पहिल्यांदा केली तेव्हा सवयीने दोन चमचे कांदा-लसूण चटणी घातली. चव फर्मास झाली, पण ती सांगरी नव्हती, गवारी होती. दुसऱ्या वेळी चटणीचा डबा मी आधीच वरच्या फळीवर ठेवला.